सहा ठिकाणांचा पास

बेडसे, ता. मावळ
७ नोव्हेंबर २०२४

रेणुका, तुला लाज कशी वाटली न्हाई? ज्या लेण्याच्या पायऱ्यांवर शेळ्यांमागं बोंबलत फिरलीस, ती बेडशाची लेणी बघण्याजोगी हायेत का म्हणून मला इचारतीस? कागदावर छापून आलं म्हंजे ते लेणं, आन आपण हितं राहिलो त्यो काय उकिरडा व्हता?

ते ऱ्हाऊ दे. सप्रेम जयभीम.

फोन करू नका म्हणतीस ते बरं हाय. मागल्या खेपेला मी वरडून वरडून सांगत व्हते आन तू आपली "काय? काय?" करत व्हतीस. समदी आळी माझ्या दारात गोळा झाली. तुझे कान गेले त्याचा तरास तुझ्यापरीस माझ्या शेजाऱ्यांना जास्त. तवा कागदच बरा. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं हायेत माझ्यापाशी, ती वापरते. चुका काढू नको. काढल्यास तर पुढलं पत्र येणार न्हाई.

तर तुझ्या महिला मंडळाची सहल लोणावळ्याला यायचीय. कुणा गाडीवाल्यानं सहा ठिकाणांचा एका दिवसाचा पास काढलाय, त्यो घ्यावा का आपापल्या रिक्षा करून फिरावं, हे तुला मंडळाची अध्यक्ष म्हणून अठरा बायांना सांगायचंय. आन मी जवळ राहते तवा मी खरं काय ते कळवावं. व्हय ना? बरं. कळवते. पण आधी बूड टेकून बस.

त्यो गाडीवाला म्हंजे आपला प्रज्ञेश.

राजेंद्राचा थोरला. मी त्याची आजी, तू त्याची आत्याआजी. सुदुंबऱ्याकडं एका कंपनीत ठेक्यावर व्हता, ती सोडली आन धम्मचक्राच्या दिवशी वीस शिटांची जुनी गाडी दारात आणून उभी केली. पास छापले, मोबाईलवर टाकले. आजवर एकदाबी गाडी भरली न्हाई. राजेंद्र म्हणतो, "डिसेंबर सरंपर्यंत बगतो. न्हाई चाललं तर गाडी विकायची आन गुमान कंपनीत जायचं." बापाचंबी चुकत न्हाई. पण पोरगं कंपनीत व्हतं तवा घरी येऊन भिताडाकडं तोंड करून निजायचं. आता पहाटंच उठून गाडी पुसतं आन गाणं म्हणतं. आवाज रेड्याचा हाय, पण म्हणतं.

त्याला ठाऊक न्हाई की त्याचा कागद अंबरनाथला तुझ्या हातात पडलाय. तू सांगू नको. मंडळातबी नातं सांगू नको. तू इचारलंयस पास घेण्याजोगा हाय का, आन मला त्यात काय हाय ते अजून ठाऊक न्हाई. बगते आन कळवते. तवर तोंड मिटून ऱ्हा.

तुझा भाऊ बरा हाय. म्हंजे जेवतोय आन रेडिओ ऐकतोय.

तुझी वैनी
सरूबाई


अंबरनाथ
१५ नोव्हेंबर २०२४

ती. वैनीस सप्रेम जयभीम.

आधी तुमच्या रागाचं. मी "बघण्याजोगी आहेत का" असं लिहिलंच नव्हतं. "अजून तशीच आहेत का" असं लिहिलं होतं. वाचताना तुम्ही आपलं भांडण त्यात कालवलंत. वैनी, लग्न झाल्यापासून मी एकदाही वर लेण्यात गेलेली नाही. माहेरी आलं की चूल, भांडी, आणि तुमचं बोलणं. लेण्यात कोण जातंय?

प्रज्ञेशचं वाचून मला इतका आनंद झाला की काय सांगू. मग आता विचार करायचाच कशाला? आपल्या पोराचा पास आहे, घेऊनच टाकते. अठराच्या अठरा. कसा आहे, काय आहे, मला बघायचंही नाही.

फक्त एक अडचण आहे, तिचं नाव उज्ज्वला. आमच्या मंडळाची खजिनदार. मंडळाच्या डब्यातून तिला विचारल्याशिवाय उदबत्ती निघत नाही. ती म्हणते, "सहा ठिकाणं म्हणजे सहा ठिकाणं. एक जरी कमी दाखवलं तर मी गाडीवाल्याला सोडणार नाही." शिवाय तिघी-चौघींच्या गुडघ्यांना पट्टे आहेत. पण मी सगळ्यांना गुंडाळून घेईन. तुम्ही काळजी करू नका. राजेंद्रला सांगा, गाडी विकू नकोस, आत्या आहे.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन परवा झालं. काळा चष्मा लावून हे लिहिते आहे, ओळी वाकड्या गेल्या तर हसू नका.

दादाला जयभीम सांगा.

तुमची
रेणुका


बेडसे
२४ नोव्हेंबर २०२४

तुझं पत्र वाचून चुलीत घालणार व्हते. काळ्या चष्म्यात लिहिलंयस म्हणून ठेवलं.

"आपल्या पोराचा हाय, घेऊनच टाकते" म्हंजे काय गं? पोरगं काय झोळी घेऊन उभं हाय? आज आत्यानं पास घेतला, उद्या मावशीनं घेतला, असं करत एक दिस नातलग संपत्यात. मग परवा गाडीत कोण बसंल? नात्यानं घेतलेला पास म्हंजे लग्नातला आहेर. घेणारा हसतो, देणारा हसतो, आन कापड कुणीच नेसत न्हाई. राजेंद्राला मी काय सांगितलेलं न्हाई. आत्या हाय म्हणं! आत्या काय रोज अठरा बाया घेऊन येणार हाय?

आता जयभीम घे आन पुढलं वाच.

मी प्रज्ञेशला म्हणले, "तुझा पास मला दाखव. मी आन बायडाबाई बसतो गाडीत, पाहुण्यांना फिरवतोस तसं फिरव." बायडाबाई तुला आठवत आसंल, डोंगरावरल्या वाडीची, माझ्या बरोबरीची. अजून तशीच हाय, दात तेवढे गेलेत. पोरगं खूश झालं. इस्त्रीचं शर्ट घालून आलं आन आमाला "वेलकम" म्हणालं. बायडाबाई म्हणाली, "ह्यो आपल्यालाच म्हणतोय का?"

पहिलं ठिकाण लोणावळ्यात, मेणाचे पुतळे. प्रज्ञेश म्हणाला, "आजी, ह्याच्याबरोबर फोटो काढ, लय मोठा माणूस हाय." बायडाबाईनं त्या पुतळ्याला खालवर बगितलं. "ह्यो आपल्या वाडीत कदी आलता का?" "न्हाई मावशी." "मग मी कशाला त्याच्यासंगं फोटू काढू? त्येला आधी येऊ दे."

तितनं लायन्स पॉइंट. म्हंजे दरी. गाडीतनं उतरतोय तवर ह्याचं सुरू, "पाच मिनिटं फोटो, मग निघायचं." बायडाबाई म्हणाली, "बाबा, टेकलेलं बूड उचलायलाच मला पाच मिनिटं लागत्यात." कठड्यापाशी गेलो तर ती खाली बोट करून मोठ्यांदा बोलाया लागली, "सरू, ती बग, त्या खालच्या वाडीत माझी थोरली मावशी दिलती. नवरा असा खाष्ट, की ती दर आवसेला ही दरी चढून पळून यायची." आजूबाजूची शहरातली माणसं फोटो काढायची थांबली. एक चष्मेवाली पोर म्हणाली, "मग काय झालं आजी?" बायडाबाई म्हणाली, "मग काय व्हायचंय? त्यो गेला. मावशी अजून जेवतीया." समदी हसाया लागली, खाली वाकून वाडी कुटं हाय ते बघाया लागली. रेणुका, सकाळपासनं पहिल्यांदा कुणीतरी खरोखर काय तरी बघत व्हतं, आन आपल्या शहाण्यानं तवाच हॉर्न वाजवला.

मग कार्ले. पायऱ्या. मग भाजे. परत पायऱ्या. भाज्याला आमी निम्म्यातच बसलो. वरनं उतरणाऱ्या माणसांना इचारलं, वर काय काय हाय, त्यांनी सांगितलं, झालं बघून. मग पवना धरण, ते गाडीच्या काचंतनंच. आन बेडशाला आलो तवर दिवस कलला. प्रज्ञेश म्हणतो, "आजी, हे आपलंच हाय. हे खालनं दाखवलं तरी चालतंय, पाहुणेबी तवर दमत्यात."

मी म्हणले, "आपलंच हाय म्हणून शिळं वाढायचं व्हय रं? मग ताटात घेतलंस कशाला?"

"आजी, सहा आकडा चांगला दिसतो. पाच ठिकाणांचा पास कोण घेणार?"

तर हे असं हाय. तू खरं इचारलंस, खरं सांगते. पास घेण्याजोगा न्हाई. सहा ठिकाणं, आन एकबी धड न्हाई. जेवणावळीत वाढपी पळत पळत वाढत जातो आन पानात पडतंय कमी, पंगतीवर सांडतंय जास्त, तसला परकार.

चांगलं काय ते बी सांगते, न्हाई तर म्हणशील वैनी नातवाच्या वायटावर. गाडी स्वच्छ हाय. हाकतो सावकाश. उतरताना हात देतो, आन हात देताना दुसरीकडं बघत न्हाई. बायांना मोकळं व्हायला कुटं बरं हाय ते त्यानं आधीच बघून ठेवलंय, न इचारता थांबतो. हे शहाणपण त्याच्या बापातबी न्हाई.

मी त्याला तोंडावर समदं सांगितलं. म्हणाला, "आजी, तुला टुरिझम कळत न्हाई," आन जेवला न्हाई. मीबी ताट झाकून ठेवलं न्हाई. लय दिस अबोला धरला. मग काल आपल्याआप चुलीपाशी येऊन बसला. "आजी, बेडसं सकाळी पहिलं ठेवलं तर? सकाळचं ऊन आत खांबांवर येतं." मी म्हणले, "मला काय इचारतोस? मला टुरिझम कळत न्हाई." पण ठेवलं त्यानं पहिलं. नवीन कागद छापला.

आता तूच ठरव. घ्यायचा तर घे, न्हाई तर रिक्षा कर. पण घेतलास तर परकी होऊन घे. उज्ज्वलाच्या नावावर घे. आन तुझ्या त्या उज्ज्वलाला मोकळी सोड, तिला गुंडाळू नको. मला ती बाई आवडली.

सरूबाई


अंबरनाथ
३ डिसेंबर २०२४

ती. वैनीस सप्रेम जयभीम.

पास घेतला. नात्याने नाही, मताने. मी सभेत तुमच्या पत्रातलं सगळं सांगितलं, फक्त गाडीवाला कोण आणि सांगणारी कोण ते नाही. "ओळखीची एक बाई म्हणते घेऊ नका, पण पोरगा गाडी सावकाश हाकतो आणि बायकांना न विचारता थांबतो." हे ऐकल्यावर गुडघ्याच्या पट्ट्यावाल्या सगळ्या एकदम म्हणाल्या, "मग घ्या." उज्ज्वला एकटी विरोधात. तरी फोन तिच्याच नावाने केला, आणि तिने प्रज्ञेशला एवढे प्रश्न विचारले की लग्नाला मुलगा बघताना कुणी विचारत नाही.

तारीख १५ डिसेंबर, रविवार. पौर्णिमा आहे, सगळ्या पांढऱ्या साड्या नेसून येणार. पहाटेच्या गाडीने लोणावळ्याला उतरू.

मीही येणार आहे. काळा चष्मा आहेच, वर डोक्याला स्कार्फ गुंडाळीन. प्रज्ञेशने मला पाहिलं त्याला किती वर्षं झाली, ओळखणार नाही. फक्त तुम्ही रस्त्यावर येऊन उभ्या राहू नका. तुम्हाला बघितलं की माझ्याच्याने गप्प बसवायचं नाही. मीही घरी येणार नाही. परकी म्हणजे परकी.

तुमची
रेणुका


बेडसे
३० डिसेंबर २०२४

पंधरवडा उलटून गेला. हात मोडला का तुझा?

गेलीस, आलीस, आन एक ओळ न्हाई. मी त्या दिवशी दारातबी आले न्हाई, मागल्या परसात पाला जाळत बसले, तुझ्या सांगण्यावरनं. त्याचं हे फळ व्हय?

हितं काय झालंय ते ऐक. त्या संध्याकाळी प्रज्ञेश आला, चावी फळीवर टाकली. मी म्हणले, "काय रं, कसं झालं?" म्हणाला, "आत्याआजी होती." मी म्हणले, "बरं, मग?" म्हणाला, "सहातलं एकच ठिकाण झालं. बाया भांडत गेल्या." एवढं बोलून भिताडाकडं तोंड करून निजला. सकाळी गाणं न्हाई. गाडी पुसली ती बी मुक्यानं.

राजेंद्र तर वाटच बघत व्हता. काल त्यानं गाडीच्या काचंवर "विकणे आहे" चा कागद डकवला, खाली स्वतःचा नंबर. परवा कामशेतचा एक जण येणारे बघायला. कंपनीतल्या ठेकेदाराशीबी बोलून ठेवलंय.

बेडसं पहिलं ठेव हे माझ्या तोंडातनं निघालेलं न्हाई, पण निघाल्यासारखंच हाय. तवा मला कळू दे. त्या अठरा बायांनी एवढ्या येळात केलं तरी काय? एकच ठिकाण? लेणं काय पाडून परत खोदलं व्हय तुमी? आन भांडण कशावरनं? तू अध्यक्ष ना? का खुर्ची नुसती बसायला दिलीया?

मी खरं सांगितलं व्हतं, घेण्याजोगा न्हाई म्हणून. आता तू खरं सांग. गोड लिहू नको. तुझं गोड मला डोळं मिटूनबी कळतंय.

सरूबाई


अंबरनाथ
६ जानेवारी २०२५

ती. वैनीस सप्रेम जयभीम.

गाडी विकू देऊ नका. त्या कामशेतवाल्याला काहीतरी कारण सांगून थांबवा. बाकी सगळं पुढे लिहिते, पण हे आधी.

त्या दिवशी प्रज्ञेशने आम्हाला लोणावळ्याहून थेट बेडशाला आणलं. पायऱ्या चढताना नेमका माझाच हात धरला. "सावकाश मावशी, घाई नाही, वर काही पळून जात नाही." मला हसू आवरेना, स्कार्फ तोंडात धरला. मधेमधे थांबून तो माहिती सांगत होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, पण बाया माना हलवत होत्या, म्हणून मीही हलवली.

वैनी, वर पोचलो आणि त्या उंच खांबांमधून आत गेलो. तशीच आहेत हो. सगळं तसंच. ऊन सरळ आत स्तूपापर्यंत आलं होतं. पौर्णिमा, अंगावर पांढरी साडी, समोर स्तूप. आमच्या बायका उभ्या कशा राहतील? सगळ्या खाली बसल्या. कुणीतरी म्हणालं, "अध्यक्षबाई, वंदना घ्या."

आवाज बदलून म्हणावी असं एकदा मनात आलं. पण बुद्धापुढे खोटा आवाज कसा काढायचा? म्हटली माझ्या आवाजात. "बुद्धं सरणं" म्हणावं, आणि आपण थांबलो तरी ती लेणी पुढे म्हणतच राहतात. माझ्या या कानांना, वैनी, मला ते ऐकू आलं. कानाने की छातीने ते सांगता येणार नाही.

मधेच कुणीतरी पदर ओढला. एक डोळा उघडून बघते तर प्रज्ञेश, खाली वाकून ओठ हलवतोय, "आत्याआजी?" मी डोळे वटारले. काळ्या चष्म्यातून ते त्याला काय दिसणार? पण तो मुकाट्याने शेवटच्या रांगेत जाऊन बसला.

मग कुणी उठेना. वंदना झाली, परित्राण पाठ झाला. तो कुणी सुरू केला माहीत आहे? उज्ज्वलाने. मग बाहेर येऊन भाकरी सोडल्या. मग पुन्हा आत. गुडघ्याला पट्टा असलेली एक म्हणाली, "मी एवढं चढून आले ती लगेच उतरायला नाही." प्रज्ञेश दोनदा येऊन म्हणाला, "मावशी, पाच ठिकाणं राहिलीत." एकीने त्याच्या हातावर भाकरी ठेवली. ऊन डोंगरामागे गेलं तेव्हा आम्ही उतरलो. वाटेत तुमच्या घरामागून धूर निघताना दिसला. आले नाही.

स्टेशनावर त्याने सगळ्यांना हात जोडले. "चूक माझी, वेळेचं गणित चुकलं." तोवर सगळं छान होतं. रेल्वेत चढता चढता, तो खाली उभा असतानाच, उज्ज्वलाने पास बाहेर काढला. "सहा लिहिलंय, बघितलं एक. पाचाचे पैसे परत मागायचे." निम्म्या म्हणाल्या, "अगं, एवढं समाधान मिळालं, पैसे कसले मागतेस?" ती म्हणाली, "समाधान पासावर छापलेलं नाही." भांडण लोणावळ्याला लागलं ते अंबरनाथपर्यंत पुरलं, आणि तिथून उतरून विहारात गेलं. दोन सभा झाल्या. दोन्हींत कुणी कुणाचं ऐकेना. निकाल लागल्यावर लिहू म्हणून मी थांबले होते. गोड लिहायला काही नव्हतं, आणि कडू लिहायची हिंमत नव्हती.

तुमचं शेवटचं पत्र आलं तेव्हा मात्र मी उठले आणि सभेत सांगून टाकलं की गाडीवाला माझा नातू आहे. आणि तुमचं ते बायडाबाईबरोबर फिरल्याचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. हसून हसून बायका भिंतीला टेकल्या. उज्ज्वला हसली नाही. म्हणाली, "सख्ख्या नातवाच्या पासाला जिने घेऊ नका म्हटलं, त्या बाईने निवाडा करावा. ती म्हणेल ते मला मान्य." बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

तेव्हा तुम्हीच सांगा. आमचा पास वसूल झाला की नाही? मंडळ तुमच्या पत्राची वाट बघतंय.

तुमची
रेणुका


बेडसे
१५ जानेवारी २०२५

माझं पत्र अठरा बायांत वाचलंस? तुला लिहिलं व्हतं ते, गावाला न्हाई. वाचणारच व्हतीस तर आधी सांगायचं, मी जरा बऱ्या अक्षरात काढलं असतं. आन बायडाबाईला कळलंय की तिची मावशी अंबरनाथला पोचली. आता ती म्हणतीया, "मावशीच्या नवऱ्याचं अजून लय सांगायचं राहिलंय, त्यांना कळव." मी कळवणार न्हाई. यायचं आन तिच्या तोंडनं ऐकायचं.

समद्या बायांना जयभीम. आता निवाडा.

उज्ज्वलाचं बरोबर हाय. पास वसूल झाला न्हाई. सहा कबूल केली, एक दाखवलं. मन भरलं म्हणणाऱ्यांना इचार, मन कशानं भरलं? लेण्यानं. ते काय प्रज्ञेशनं खोदलंय? गाडीवाल्यानं कबूल केलेलं गाडीवाल्यानंच द्यायचं, बुद्धाच्या नावावर खपवायचं न्हाई.

पण बाकीच्या बायांचंबी बरोबर हाय. पैसे मागायचे न्हाईत. हात धरून तुमाला वर नेलं, दिवसभर तुमच्यासाठी उन्हात बसला, आन तुमी उठला न्हाई ह्यात त्याचा काय गुन्हा?

हितं भातलावणीला आमी सावड करतो, ते तू इसरली नसशील. आज समद्यांनी मिळून माझं वावर लावायचं, उद्या मी तुझ्या वावरात. मजुरी कुणी कुणाला देत न्हाई. आन दिवस मावळला, निम्मं वावर राहिलं, तर कुणी चिखलातनं उठून हिशेब मागत न्हाई. राहिलेलं दुसऱ्या दिवशी लावत्यात. बस्स, तसंच करायचं. तुमची पाच ठिकाणं राहिलीत, ती देणं हाय. त्याला तारीख न्हाई. जवा जमंल तवा या. एका दिवसाला एकच ठिकाण बघा, हवं तितका येळ बसा, हॉर्न वाजणार न्हाई. पास संपंपर्यंत चालंल, मग वरीस लागू दे न्हाई तर चार.

आन सावड म्हंजे एका अंगाची नसती. त्यो तुमच्यासाठी गाडी परत हाकणार, तर तुमीबी त्याच्या वावरात उतरायचं. प्रत्येक जुन्या पासवालीनं येताना एक नवी बाई आणायची, नव्या पासाची. एका खेपेला तुमच्यातल्या निम्म्याच यायच्या, तितक्याच नव्या, गाडी भरली. नव्या बाईला कुटं बसायचं, काय बघायचं हे जुनीनं दाखवायचं, म्हंजे प्रज्ञेशला माहिती सांगत पळायला नको.

हे मी त्याच्या पुढ्यात बसून सांगितलं, तवा म्हणाला, "आजी, असा पास कुटं असतो का?" मी म्हणले, "नसतो म्हणून तर काढ. असल्यांची रांग लागलीया लोणावळ्यात." लय येळ बोटावर काय काय मोजत बसला. मग म्हणाला, "एका दिवशी एकच ठिकाण म्हंजे डिझेलबी कमी लागंल." म्हणले, "हे मला टुरिझम न कळता सुचलंय."

त्या कामशेतवाल्याचं म्हणशील तर त्यो ठरल्या दिवशी आला न्हाई, काल आला व्हता. गाडी कशी हाय म्हणून त्यानं मलाच इचारलं. मी म्हणले, "चांगली हाय, अठरा बाया बसून गेल्यात, आन अजून पाच येळा बसायच्यात. त्यांच्यासकट घेणार का?" गेला. राजेंद्र माझ्यावर तणतणला. त्याला सांगितलं, "होळीपर्यंत तोंड बंद. तवर गाडी भरून मी जिंकले तर तू ती धुवायची, मी हरले तर मी आपल्या हातानं कागद डकवीन." आता त्यो काचंवरचा कागद मी गरम पाणी टाकून उलथन्यानं खरवडून काढलाय. थोडा डिंक राहिलाय, त्यो प्रज्ञेश आज सकाळी घासत व्हता. गाणं म्हणत व्हता. तुझा भाऊ रेडिओ बंद करून म्हणाला, "ह्यापरीस मुका बरा व्हता." मी म्हणले, तुमी आत जाऊन निजा.

तू मात्र पुढल्या खेपेला चष्मा काढून ये आन घरी ये. परकी, परकी म्हणत धूर बघून गेलीस, त्यो धूर जेवणाचा न्हवता, पाल्याचा व्हता. पण जेवणबी केलं व्हतं. ते मग बायडाबाईनं खाल्लं.

आता माघाची पुनव बारा फेब्रुवारीला हाय. त्या दिवशी पाचातलं कुठलं ठिकाण बघायचं, बरोबर नव्या बाया किती, आन हा निवाडा खजिनदारबाईला पटला का न्हाई, हे मला कागदावर लिहून पायजे. फोन चालणार न्हाई. तू लिहायचं न्हाईस, तू गोड लिहितीस. उत्तर उज्ज्वलानंच लिहायचं.

सरूबाई